पिन बसली म्हणजे झालं?

...आणि डब्यातून धूर निघतोय, खोलीभर जळका वास सुटलाय, मी खिडक्या उघडत सैरावैरा पळतेय, आणि आमचे हे, तुम्हाला सांगते, आमचे हे तिथेच उकिडवे बसून, वायर हातात धरून, मला काय म्हणतात? "पण पिन तर बरोब्बर बसली होती गं." बसली होती. अहो, बसेल नाही तर काय करेल? पिन कुठेही बसते. पिनेला अक्कल असते का? अक्कल ती धरणाऱ्याला असावी लागते, आणि तिथेच तर आमची सगळी बोंब...

थांबा. रागात माझं मागचं पुढे होतं. पहिल्यापासून सांगते.

मी औषधवाली. मोठ्या रुग्णालयात तळमजल्यावर औषधांची खिडकी असते ना, जाळीच्या मागे एक बाई तुमची चिठ्ठी डोळ्यांना लावून वाचत असते आणि तुम्ही मनात म्हणता, लवकर आटप की बाई... ती मी. सव्वीस वर्षं. सव्वीस वर्षं मी लोकांना एकच गोष्ट सांगतेय, की बाबांनो, शेजारणीची गोळी गुलाबी आणि तुमची गोळी गुलाबी, म्हणून दोन्ही एक नसतात, पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा, किती मिलिग्रॅम ते वाचा, गिळता येते म्हणून कुठलीही गोळी तोंडात टाकायची नसते. जगाला सांगते. आणि माझ्याच घरात माझ्याच डोळ्यांदेखत...

बरं, डबा कसला? तर मी गिटार वाजवते. हसू नका. सेहेचाळिसाव्या वर्षी शिकायला लागले. लेक नोकरीला दुसऱ्या शहरात गेली, लिफ्टच्या कंपनीत इंजिनिअर आहे, तिची इलेक्ट्रिक गिटार इथेच कपाटावर राहिली, एकदा धूळ पुसताना तार वाजली आणि मी कामातून गेले. आता या गिटारला पायाशी छोटे डबे लागतात, पेडल म्हणतात त्यांना, साबणदाणीएवढे असतात, पायाने बटण दाबलं की आवाज पालटतो. माझ्याकडे तीन. एक सूर जुळवायला, एक आवाज घुमवायला, आणि तिसरा हिरवा. हिरवा दुकानात मिळत नाही. तो लेकीने केलाय, माझ्या पन्नाशीला, सुट्ट्यांच्या दिवशी बसून, पत्र्याला भोकं पाडून, आतला एकेक भाग स्वतःच्या हाताने जोडून. जगात असा एकच. त्याचा आवाज कसा, तर जाड, खरखरीत, मोठं मांजर पोटातून गुरगुरतं ना, तसा. दिवसभर जाळीमागे बसून माझ्या मनात जे जे साठतं, आणि जे तोंडाने बोलायची सोय नसते, ते सगळं त्या गुरगुरीतून बाहेर पडतं.

आमचा ग्रुपही आहे. रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर गातात, एक्स-रेवाल्या बाई कीबोर्ड वाजवतात, आणि मी. कर्मचाऱ्यांच्या वार्षिक कार्यक्रमात आम्हाला वीस मिनिटं मिळाली होती, पहिल्यांदाच, नाही तर दरवर्षी आमच्या जागी अधिकाऱ्यांचं भाषण लांबतं. कार्यक्रमाला अठरा दिवस होते. मंगळवार. मी संध्याकाळी सरावाला बसले, खुर्ची मागे ओढली, खुर्चीचा पाय आला डब्यांना वीज देणाऱ्या अडॅप्टरच्या वायरवर, आणि वायर तुटली. आणि मी हाक मारली. इथे माझी चूक. मी हाक मारली, "अहो, जरा इकडे येता का?"

आमचे हे पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासायचे, आता निवृत्त. माणूस वाईट नाही. पण त्यांचा एक खण आहे. तुमच्याही घरात असणार, नाही म्हणू नका. त्या खणात मेलेल्या यंत्रांचे जिवंत अडॅप्टर राहतात. फोन गेला, चार्जर राहिला. दाढीचं मशीन गेलं, त्याची वायर राहिली. लेकीच्या लहानपणची खेळण्यातली गाडी, तिची चाकंसुद्धा आता कुठे नाहीत, पण चार्जर आहे, नीट गुंडाळून, रबर लावून. "असू दे, लागेल कधीतरी." तीस वर्षं ऐकतेय. आणि त्या मंगळवारी तो 'कधीतरी' उजाडला. इतक्या आनंदाने खण ओढला या माणसाने, की काय सांगू.

पाच वर्षांपूर्वी आमचा इंटरनेटचा डबा बंद पडला होता, त्याचा अडॅप्टर निघाला. मी म्हटलं, "अहो, हा चालेल का पण?" म्हणाले, "पिन बसतेय ना? मग झालं."

लावला. आणि कशाला लावला? तीन डब्यांतला जवळ जो होता त्याला. हिरव्याला. आधी टक् झालं, मक्याचा दाणा फुटल्यासारखं, मग तो वास, मग धूर. पुढचं सांगितलंच.

मी त्या दिवशी एक शब्द बोलले नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, दोघांनाही. पण नाही. आणि लेकीला फोन करायला माझी बोटंच वळेनात. सांगू काय तिला? तुझ्या हातची वस्तू आम्ही जाळली, पिन बसली म्हणून?

दुसऱ्या दिवशी ड्यूटी सुटल्यावर गेले वाद्यांच्या दुकानात. निदान उरलेले दोन डबे तरी नीट चालावेत. दुकानदार गळ्यात गिटारची पट्टी घालून बसलेला, गिटार नाही, नुसती पट्टी. मी म्हटलं, "पेडलला सुरक्षित असा अडॅप्टर हवाय." म्हणाला, "मॅडम, हा न्या, युनिव्हर्सल. तीन व्होल्टपासून बारापर्यंत. पेडलला बटण नवावर सरकवायचं, टोक फिरवायचं, सगळ्याला चालतो." सगळ्याला चालतो? सव्वीस वर्षांत मी सगळ्याला चालणारं औषध पाहिलेलं नाही, फक्त ते विकणारे पाहिलेत. मी विचारलं, "टोक उलटं फिरलं तर?" म्हणाला, "फिरवायचं नाही." "आणि पायाचा धक्का लागून बटण नवावरून बारावर गेलं तर?" म्हणाला, "जाऊ द्यायचं नाही." "बरं, मिलिअँपिअर किती, वीज किती देतो हा?" म्हणाला, "भरपूर." भरपूर हा काय आकडा आहे? डॉक्टरने चिठ्ठीवर 'गोळ्या भरपूर' लिहिलं तर मी काय ओंजळीने द्यायच्या? आणि वर मला समजावतो, "मॅडम, तुम्ही उगाच टेन्शन घेताय, पिन बसते ना? मग झालं."

तेच. शब्दन् शब्द तेच. मला वाटलं, हे सगळे पुरुष कुठे वर्गाला जातात की काय.

आणि तरी मी तो घेतला. का घेतला, विचारा. कारण माझ्या मागे तीन गिऱ्हाइकं उभी होती, आणि मागे रांग दिसली की मला घाई होते, जाळीमागच्या नोकरीने लावलेली खोड आहे. घेतला, घरी आणला, त्याचे दोन फाटे करून दोन डब्यांना जोडले. आणि काय आवाज म्हणता... मी एकही सूर वाजवलेला नाही आणि स्पीकरमधून घूंऽऽऽ, अख्खं पोळं उठल्यासारखं. बरं, तेही सोसलं असतं. पण तारांवर हात ठेवला आणि बोटांना मुंग्या आल्या. बारीक, टोचल्यासारख्या. हात काढला, गेल्या. ठेवला, आल्या. हे दारात उभे होते, आत यायचं धैर्य नाही, दारातूनच म्हणतात, "तारा नवीन असतील." तारा नवीन असल्या की टोचतात? तारा आहेत का शर्टाची कॉलर?

गुरुवारी ते सगळं पिशवीत घातलं. जळका हिरवा डबा, खणातला तो इंटरनेटवाला, आणि हा युनिव्हर्सल. रुग्णालयाच्या मागच्या गल्लीत एका जिन्याखाली दुरुस्तीवाले आजोबा बसतात, आमच्या खिडकीवरचा पंखा तेच दुरुस्त करतात. बोलणं एकदम मोजकं. युनिव्हर्सल हातात घेतला, नुसता तोलला, आणि म्हणाले, "हलका आहे." मग पकडीने उघडला. आत बघितलं. मलाही दाखवलं. मला काय कळणार, पण मला सुद्धा तो रिकामाच वाटला.

म्हणाले, "ताई, भिंतीतली वीज इकडे. तुमची वायर इकडे. मधलं अंतर बघा." आणि नखाची कड दाखवली. एवढं. "डबा, केबल, गिटारच्या तारा, सगळं याला जोडलेलं. तारेला हात म्हणजे याला हात. मुंग्या आल्या?"

मी म्हटलं, "आल्या."

"पाय ओले नव्हते ना?"

"नाही."

"बरं झालं. हा परत घरी नेऊ नका."

मी त्यांच्या स्टुलावर बसले.  मी विचार करत होते, फरशी पुसून झाल्यावर मी कितीदा अनवाणीच वाजवायला बसते.

मग त्यांनी भिंग काढलं, हिरवा डबा आणि इंटरनेटवाला शेजारी शेजारी ठेवले. "वाचा." मी वाचलं. अडॅप्टरवर बारा, डब्यावर नऊ. दोन्हींवर एक छोटीशी खूण, गोल, मध्ये ठिपका, बाजूला अधिक-उणे. अडॅप्टरचं मधलं टोक अधिक, डब्याचं मधलं टोक उणे. म्हणजे जास्तही दिलं आणि उलटंही दिलं. आणि हे सगळं लिहिलेलं होतं हो, लेकीने तर हाताने रंगवलं होतं, भोकाच्या शेजारी, तांदळाच्या दाण्याएवढं. आणि मी... औषधाच्या पट्टीच्या कडेवरची पुसट तारीख वाचणारी बाई... मी ते वाचलं नाही. यांच्यावर तर रागच होता, पण त्या स्टुलावर बसून मला माझा जो राग आला, तो आजतागायत उतरलेला नाही.

मी चिठ्ठीच्या पाठीवर लिहूनच घेतलं. म्हटलं, "आजोबा, एकदा नीट सांगा, काय बघायचं?" म्हणाले, "व्होल्ट लिहिलेत तेवढेच. टोक लिहिलंय तसंच. मिलिअँपिअर लागतात त्याहून जास्त असले तर हरकत नाही, डबा हवे तेवढेच ओढतो. कमी नकोत. आणि डब्याडब्याला वेगळा पुरवठा असला की घूं येत नाही." बस्स. एवढंच. दुकानदाराला हे चार वाक्यांत सांगता आलं नसतं का?

"आणि हिरवा?" मी विचारलं. आजोबांनी झाकण काढलं, आत बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "होईल. पण ज्याने जोडलंय त्याने हात लावलेला बरा. तऱ्हा त्याची आहे."

म्हणजे लेकीला सांगणं आलंच.

पण आधी दुकान. गेले तशीच, अंगात एप्रन. म्हटलं, "हे घे." म्हणाला, "मॅडम, उघडलेला माल परत होत नाही." मी म्हटलं, "परत नकोच आहे. तू वाजव. आता लाव, चप्पल काढ, आणि माझ्यासमोर तारांना हात लाव." तो बघतोय. मी म्हटलं, "लाव की, पिन बसते ना?" दुकानात चार-पाच माणसं होती, सगळी त्याच्या हाताकडे बघत. त्याने गळ्यातली पट्टी काढून ठेवली, मागच्या फळीवरून एक चांगला वीटभर वजनाचा डबा काढला, खाली आठ भोकं, प्रत्येकाचा पुरवठा वेगळा, प्रत्येकाखाली किती व्होल्ट, किती मिलिअँपिअर, मधलं टोक कुठलं, ठळक छापलेलं, बनवणाऱ्याचं नावगाव, तपासणीची खूण. मी त्याला सगळं मोठ्याने वाचायला लावलं. वाचलं त्याने, शाळेत वाचतात तसं. मी म्हटलं, "हा काल का नाही दाखवलास?" तर म्हणतो, "मॅडम, कुणी विचारतच नाही. सगळे एवढंच विचारतात, पिन बसेल ना?"



शुक्रवारी लेकीला फोन केला. शब्द जुळवून ठेवले होते, सगळे विसरले, एका दमात म्हटलं, "तुझा हिरवा डबा जळला."  ती म्हणाली, "आई, तुला लागलं नाही ना काही?" मी म्हटलं, नाही. मग म्हणाली, "चूक माझी पण आहे गं. वीज उलटी आली तर अडवणारा एक छोटा भाग आत घालायचा असतो. मी नाही घातला. वाढदिवस जवळ आला होता, घाई झाली." मी म्हटलं, "असू दे." मग हळूच म्हणते, "बाबांना फार बोलू नकोस. मंगळवारी त्यांचा फोन आला होता."

मी म्हटलं, "कधी?"

"मंगळवारी. जिन्यात उभं राहून केला होता. त्यांना नीट बोलताच येत नव्हतं, आई."

म्हणजे बघा. मी इकडे फोनकडे बघून घाबरतेय, घास गिळवत नाहीये, आणि बापलेक बोलून मोकळी झालेली. सगळ्यांना सगळं माहीत, मीच एकटी गुपित सांभाळत बसलेली. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली... फोन ठेवला आणि थेट यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. चार दिवस आमच्यात "जेवायला वाढलंय" आणि "हं" याच्यापलीकडे बोलणं नव्हतं. मी म्हटलं, "तिला सांगता येतं, मला सांगता येत नाही? आणि मुळात लावायच्या आधी वाचलं का नाही? तीस वर्षं मीटरचे आकडे वाचलेत ना तुम्ही? लोकांच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत वाकून, बॅटरी मारून वाचलेत. मग माझ्याच वस्तूवरचा आकडा कसा दिसला नाही?"

हे खाली बघत होते. मग म्हणाले, "पाच वर्षांत पहिल्यांदा तू मला त्या खोलीत बोलावलंस."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"तू दार लावून घेतेस, कानाला ते हेडफोन लावतेस. मी बाहेर असतो. त्या दिवशी हाक मारलीस. मला वाटलं, चटकन काहीतरी करून दाखवावं. वाचत बसलो असतो तर तू म्हणाली असतीस, राहू दे, मी बघते."

आता सांगा, अशा माणसावर रागवायचं कसं? आणि खरंच, मी तसंच म्हणाले असते. "राहू दे, मी बघते." तीस वर्षं म्हणतेय. पण राग गेला का? नाही गेला. फक्त आता तो ठेवायचा कुठे ते कळेना. मी म्हटलं, "पुढच्या वेळी वाचा." म्हणाले, "वाचीन." झालं. आमचं मोठं भांडण एवढ्यात संपतं.

रविवारी लेक आली. पिशवी ठेवली आणि सरळ जिन्याखाली, आजोबांच्या शेजारी. दोन डोकी एका भिंगाखाली. तीन तास ती दोघं काय बोलत होती देव जाणे, आजोबा माझ्याशी वर्षात बोलले नसतील तेवढं तिच्याशी बोलले. जळालेले भाग बदलले, तो अडवणारा भाग घातला, आणि हे शेजारी उभे, हातात दिवा धरून. अजिबात हलले नाहीत. कुणी सांगेल तसा दिवा तिरपा करत होते.

कार्यक्रमाच्या दिवशी तो विटेएवढा डबा यांनीच उचलला, दोन्ही हातांनी, बाळंतिणीच्या खोलीतून मूल बाहेर आणतात तसा. मंचावर सभागृहाचा वीजवाला आला, कुठूनशी अडॅप्टरवाली वायर घेऊन, वाकून म्हणतो, "काकू, तुमची वायर पुरत नाही, ही लावतो." आणि लावणार, तेवढ्यात हे पुढे झाले. म्हणाले, "थांबा. किती व्होल्टची आहे?" वीजवाला म्हणाला, "काका, पिन बसतेय की."

तुम्हाला सांगते, यांनी माझ्याकडे बघितलं. मी वळून गिटारच्या खुंट्या पिळायला लागले, कारण हसू आलं असतं तर सगळा राग फुकट गेला असता. हे खाली बसले, चष्मा कपाळावर चढवला आणि त्या वायरीवरचं अक्षरन् अक्षर वाचलं, जोरात, वीजवाल्याला उभं करून. मग म्हणाले, "ही नको. एक्स्टेन्शनची लांब तार आणा, भिंतीपासून इथपर्यंत." आणली त्याने. मुकाट्याने आणली.

वाजलं. छान वाजलं. हिरवा गुरगुरला, आधीपेक्षा जरा जाड, लेक म्हणाली भाग बदलले की थोडं होतं तसं. ड्रायव्हरसाहेब दुसऱ्या कडव्याला शब्द विसरले, एक्स-रेवाल्या बाईंनी सावरून घेतलं, वीस मिनिटांची चौदाच मिळाली, कारण भाषण लांबलंच. पण चौदा मिनिटं मी सव्वीस वर्षांचं सगळं बोलून घेतलं, आणि बोटांना मुंग्या आल्या नाहीत.

इथे संपायला हवं होतं ना? मलाही तसंच वाटलं होतं.

काल दुपारी घरी येते तर दारात टेम्पो. दोन माणसं खोकी उतरवतायत, एक, दोन, तीन... पाच. त्यांच्या मागे हे, हातात दोन काठ्या. मी म्हटलं, "हे काय?" तर चेहरा इतका उजळलेला, की काय सांगू. "ड्रम. तुमच्या ग्रुपला ठेका धरायला कुणी नाही ना? ड्रायव्हरसाहेबांशी बोललोय मी. आणि हे बघ, घेण्याआधी सगळं वाचलंय, पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. याला वीज लागतच नाही."

माणसाने वाचलं होतं. मीच सांगितलं होतं वाचायला. आज ड्यूटीवरून येताना आमच्याच खिडकीवरून कापसाची दोन पाकिटं आणलीत. एक माझ्या कानांसाठी. दुसरं खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना द्यायला जातेय.